टाकीचं झाकण

आबा, आई गेल्यामुळं आता ही गोष्ट उघड बोलायला हरकत नाही. तिला कळू द्यायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत आणि मी ते तिच्या शेवटापर्यंत पाळलं. तुम्हाला जाऊन तर किती पावसाळे झाले. या प्रकरणातलं बोलण्यासारखं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो. पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळं हातही जरा मोकळा चालतो.

ट्रकचं ते दुखणं तुम्ही विसरला नसाल. पलटणीतून आल्यावर तुम्ही बैल विकले आणि जुना डिझेल ट्रक घेतला. तो मी चालवायचो. भूकंपाला चार-पाच वर्षं होऊन गेली होती, कोयनानगरला बांधकामं निघाली होती. कराडात सिमेंट भरायचं, टाकी काठोकाठ करायची आणि वर निघायचं. सपाटीला गाडी गुणाची. पाटण मागं पडून वळणं लागली की गचके द्यायला लागायची, रडत रडत थोडी चढायची आणि बंद पडायची. जरा थांबलं की परत चालू व्हायची, पुढच्या दोन-चार वळणांवर परत तेच. येताना मात्र रिकामी गाडी एका दमात घरी. मी फिल्टर बदलले, डिझेलच्या नळ्या बदलल्या, पंप खोलून घेतला. कराडचा मिस्त्री म्हणाला हवा धरतेय, पण हवा शिरते कुठून ते त्यालाही सापडेना.

मग तुम्ही स्वतः गाडी घेऊन साताऱ्याला जाऊन आलात. कुठं अडली नाही की खोकली नाही. आपल्या रहिमतपूरच्या स्टँडवर उतरलात आणि सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणालात, "गाडीला कायबी झालं न्हाई. ह्येला घाट कळत न्हाई." कुणीतरी फिसकन हसलं. कडेगावचं एक गिऱ्हाईक ट्रक मागतच होतं. एकदा तुम्ही स्वतः घाटात घालून बघणार, ट्रक धड चढला तर दोष माझाच ठरणार, आणि मग गाडी त्याला देऊन टाकायची, मी दुसऱ्याच्या गाडीवर जायचं, असं तिथंच ठरलं. मला इतका राग आला होता की घरी जेवताना मी तुमच्याकडं पाठ करून बसलो.

आता आपण दोघं केबिनमध्ये आहोत. मागं सिमेंट, टाकी भरलेली, स्टिअरिंग तुमच्या हातात. पाटण जातं. मी मनात म्हणतोय, पड बाई, आज तरी बंद पड. आणि ती पडते. तुमच्या हातात पडते. तुम्ही माझ्याकडं न बघता खाली उतरता, बॉनेट उघडता, फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारता. डिझेल थेंबथेंब येतं, पण बुडबुडा एक नाही.

"हवा न्हाई रं धरत. डिझेलच फुडं येईना," तुम्ही म्हणता.

डिझेल किती आहे बघावं म्हणून तुम्ही टाकीचं झाकण फिरवलंत. घट्ट बसलेलं, जोर लावावा लागला. सुटलं तशी सूंऽऽ करून टाकीनं हवा आत ओढली. तुम्ही तसेच उभे राहिलात. झाकण लावलंत, गाडी चालू झाली, काही वळणं चढली, बंद पडली. परत झाकण, परत सूं. मग तुम्ही रस्त्याकडेचा बाभळीचा काटा मोडून आणलात आणि झाकणाच्या बारीक भोकात घातलात. आतून पिवळट, कडक झालेलं काहीतरी निघालं. तुम्ही ते हुंगलं आणि चक्क जिभेवर ठेवलं.

"गोड हाय," तुम्ही म्हणालात. मग जरा वेळानं, "आरं, पुरण हाय ह्ये!"

आबा, तुम्ही इतके हसलात की खोकला लागून दगडावर बसलात. बैल विकल्यानंतरचा तो पहिला बेंदूर, बैलांना पुरणपोळी घालायचा सण. दावणीला कुणी नाही म्हणून आईनं ट्रकलाच ओवाळलं होतं. ही जिथून खाती तिथं तिला घास द्यायचा, म्हणून तुपातला पुरणपोळीचा घास टाकीच्या झाकणावर दाबून ठेवला होता. वरचं पावसानं धुऊन गेलं, भोकातलं तसंच राहिलं. दुखणं बेंदरापासूनच सुरू झालं होतं, आणि ते आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मग तुम्ही मला नीट समजावलंत. "डिझेल वढलं की त्येच्या जागी हवा आत याया पायजे. भोक बुजलंय, मग येनार कुठनं? टाकी गच्च भरल्याली, वर हवेला जागाच न्हाई, म्हनून लगीच अडती. मी सातारला नेली तवा टाकी अर्धीच हुती." आणि वर, "आईला ह्यातलं काय बोलू नगंस. लय मनाला लावून घील." घरी येऊन तुम्ही तिला एवढंच सांगितलंत की गाडीचं तोंड पुढं असतं, पुढच्या सणाला घास जाळीपाशी ठेव. तिनं ते जन्मभर केलं.

पण त्याआधी घाटात तुम्ही दुसऱ्या बाजूनं केबिनमध्ये चढलात, "चल," म्हणालात, आणि पटका तोंडावर घेऊन झोपलात. भरलेली गाडी, वळणं, खाली दरी, आणि तुम्ही घोरताय. कडेगावच्या माणसाचं नाव पुन्हा निघालं नाही. ट्रक माझ्याकडंच राहिला. बाप पोरावर विश्वास टाकतो म्हणजे काय, ते सांगायला मी नातवंडांना तुमची ती झोप सांगतो. ऐकणारे माना डोलावतात.

खरं सांगतो आबा, माझं त्यावर भागलं नव्हतं. टाकी अर्धी होती हेसुद्धा तुम्ही सांगितलंत, पण पोराचा दोष नव्हता, एवढं स्टँडवर त्याच माणसांसमोर म्हणायला हवं होतंत. पुढं कितीतरी दिवस तुम्ही तिथं चहाला बसलात की मी हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायचो, आज म्हणाल म्हणून. तुम्हाला वाटायचं मला चहा हवाय. तुम्ही अर्धा बशीत ओतून माझ्याकडं सरकवायचात, आणि मी तो पिऊन उठायचो.