हेरिंगला नीळ

शुक्रवार, ९ ऑगस्ट. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. माझी पद्धत चोरीला जाईल.

२४ तारखेला कॉरिनचं लग्न. एकुलती एक मुलगी. चाळीस पाहुणे. जेवणाला सॅमन. काल रात्री जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं की लग्नातला मासा मी स्वतः पकडणार. तीन मोठे चिनूक सॅमन पुरेत. दोन आठवडे हातात आहेत. म्हणजे खरं तर अकरा दिवस आराम.

व्याही आर्वो समोरच बसले होते. फिनिश माणूस, चाळीस वर्षं पॅसिफिकला मिळणाऱ्या या नदीत जाळं टाकलं, आता निवृत्त. त्यांच्यात लग्नाचा सॅमन फळीला खिळे मारून विस्तवाशेजारी उभा करून भाजतात, आणि ते काम नवऱ्यामुलाच्या बापाचं. माझं ऐकून ते फक्त 'बरं' म्हणाले. जाळंवाल्यांना गळाची कला काय कळणार!

शनिवार, १० ऑगस्ट

मार्लिसने (बायको) धुरीवाल्याकडे (धुरी दिलेले आणि ताजे मासे विकतो) माशाची ऑर्डर देऊन ठेवली होती. मला न विचारता! फोन करून रद्द केली. मार्लिस म्हणाली, अरे, निदान एक मासा हाती लागेपर्यंत तरी थांब. म्हटलं, यालाच विश्वासाचा अभाव म्हणतात. ती म्हणाली, याला तेवीस वर्षांचा अनुभव म्हणतात.

सोमवार, १२ ऑगस्ट

आमिष हाच सगळा खेळ आहे. बाकी नशीब वगैरे आळशांच्या गोष्टी.

निर्णय: हेरिंग, ती वीतभर चंदेरी मासळी. डोकं तिरकं छाटायचं म्हणजे ती पाण्यात गिरकी घेते. आधी रात्रभर खड्यांच्या मिठात, आणि त्या पाण्यात कपड्यांची नीळ. खवले चांदीसारखे चमकतात. सगळेच जरा जरा घालतात. मी तिप्पट घालणार.

आमिषाच्या दुकानातली लुसील म्हणाली, वेन्डल, मासे पकडायचेत की चादरी धुवायच्यात? अडाणी बाई. तिच्याकडून चार डझन हेरिंग, सहा चमकपट्ट्या, आठ रंगांचे रबरी माकूळ आणि तीन जाडीची दोरी घेतली. बाहेर पडताना पुन्हा आत जाऊन नववा रंगही घेतला.

बुधवार, १४ ऑगस्ट

होडी दहा नंबरच्या तरंगत्या बोयाजवळ. पहाटे पाच ते दुपारी एक. मासा नाही.

कारण सापडलं. गळाची दोरी अठ्ठेचाळीस इंच होती. बेचाळीस हवी. कापली. मग वाटलं, भरतीला बेचाळीस ठीक, ओहोटीला छत्तीस. पुन्हा कापली. मग चमकपट्टी हिरवी की चंदेरी? ऊन असेल तर चंदेरी. ढग आला. बदलली. ढग गेला.

शेजारच्या होडीत एका म्हाताऱ्या बाईने दोन मासे काढले. निव्वळ नशीब.

शनिवार, १७ ऑगस्ट

मासा नाही. मात्र नऊ प्रकारच्या जोडण्यांची (गळ, दोरी, चमकपट्टी, आमिष) तुलना पूर्ण. अभ्यास कोणी करत नाही, म्हणून मागे राहतात लोक.

माणसाच्या हाताचा वास सॅमनला मैलावरून येतो. आता गळाला हात लावण्याआधी दर वेळी लिंबाच्या साबणाने धुणार. दर वेळी.

कॉरिनचा फोन. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये लग्नाची तालीम आहे, साडेपाचला, नक्की ये, डॅडी, मला बाकी काही नको. म्हटलं, अगं, हे काय सांगणं झालं! येणारच. तिला भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचून दाखवलं. ऐकून घेतलं बिचारीने.

सोमवार, १९ ऑगस्ट

आर्वो आले होते. शेडमध्ये मांडलेलं सगळं बघितलं. तेहतीस जोडण्या, रंगाप्रमाणे. मग म्हणाले, यातलं काही ओलं झालंय का कधी?

जळतो मेला.

गुरुवार, २२ ऑगस्ट

मार्लिस आज सोबत आली. हट्टाने. एक काठी, एक हेरिंग, खाली सोडली आणि विणकाम काढून बसली. सांगून सांगून थकलो की दर वीस मिनिटांनी जोडणी बदलायची असते. म्हणाली, वेन्डल, मासे खाली पाण्यात आहेत आणि तुझा गळ तासभर तुझ्या मांडीवर आहे.

मी तेव्हा हात धूत होतो. सहाव्यांदा.

९.४०. तिची काठी वाकली. म्हणजे काय वाकली! रीळ किंचाळायला लागलं. वीस मिनिटं झुंजली ती, विणकाम पायाखाली, टोपी पाण्यात. मासा वर आला. तीस पौंड, शपथेवर सांगतो. मी जाळं घेतलं.

जाळं डोक्याकडून घालायचं असतं, हे इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. मी शेपटीकडून घातलं. मुद्दाम. वाऱ्याची दिशा पाहून. मासा एकदा उसळला आणि गेला.

गाठ कच्ची असणार. मार्लिसची गाठ.

किनाऱ्याकडे वळलो. तिने जेवणाचा डबा उघडला तर त्यात केळं! होडीत केळं म्हणजे मासा न मिळण्याचा हमखास अपशकुन! आता कळलं सगळं. तिला दाखवून दिलं. तिने ते केळं माझ्याकडे बघत बघत सालीसकट नदीत फेकलं.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

पहाटे ४. शेवटचा दिवस. घाबरायचं कारण नाही. नीळ पाचपट केली. घाईत बाटली आडवी झाली, दोन्ही हात मनगटापर्यंत निळे. लिंबाच्या साबणाने जात नाही.

दुपारी १. मासा नाही.

दुपारी ३. नाही. धुरीवाल्याला सहज फोन केला. त्याचा सगळा माल गेला. म्हणाला, सहा महिने आधी सांगायचं असतं. म्हटलं, सांगितलंच होतं. म्हणाला, हो, आणि रद्द पण तुम्हीच केलं होतं. अशा उद्धट लोकांमुळे धंदे बुडतात.

४.१५. विचार केला. पाहुण्यांना मासा हवा आहे. मासा मासा असतो. मी नाही तर कोणीतरी पकडलेलाच. गावातल्या दुकानात गेलो तर साडेचारच्या आत अख्ख्या बंदराला कळेल. पूल ओलांडून दोन तासांवरच्या मोठ्या बाजारात गेलो. तीन अख्खे सॅमन, डोक्यासकट. सुंदर. टवटवीत. थोडे एकसारखे दिसतात, पण भावंडं असतील.

घरी ८.३०. तालीम होऊन गेली होती. तालमीत असतं काय? मुलीला धरून पन्नास पावलं चालायचं. मला चालता येतं.

मार्लिसने शीतपेटी उघडून बघितली. माझ्याकडे बघितलं. झाकण लावलं. झोपायला गेली.

शनिवार, २४ ऑगस्ट

सकाळी ७. शीतपेटी आर्वोंच्या अंगणात पोचवली. फळ्या तयार, खिळे तयार. त्यांनी पहिला मासा उचलला. उलटा केला. गालावरचे ठिपके बघितले, झिजलेले पर बघितले, शेपटी बघितली. मग मला बघितलं. म्हणाले, बरंच लांब गेला होतास, वेन्डल.

शेवटी कौतुक केलंच.

दुपारी २. लग्न लागलं. हात अजून निळेच. मार्लिस म्हणाली, खिशात ठेव. पण मुलीला खिशात हात घालून कसं नेणार? कॉरिनने माझा हात धरला. कधी थांबायचं ते नीट ठरलं नव्हतं, म्हणून मी थांबलो तेव्हा ती चालत होती, आणि झग्याचा काठ माझ्या बुटाखाली होता. लहानसा आवाज झाला. शिवाय उकडत होतं, आणि माझा घामट हात तिच्या दंडावर होता. तिच्या पांढऱ्या बाहीवर चार निळी बोटं आणि एक अंगठा.

संध्याकाळ. मासा अप्रतिम झाला. सगळे बोटं चाटत होते. मग मिकोच्या (जावई) मामाने विचारलं, काय लावलं होतंत गळाला?

हा माझा विषय. उभा राहिलो. मीठ, नीळ, तिरका छेद, बेचाळीस इंच, साबण, सगळं सांगितलं. वीस मिनिटं. तीन मासे, तीन वेगळ्या जोडण्या. लोक तल्लीन.

मामाने आर्वोंना विचारलं, तुमचं काय मत? चाळीस वर्षं नदीत काढलीत तुम्ही. आर्वोंनी काटा खाली ठेवला. म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे हा मासा खाद्याच्या गोळ्यांवर येतो. रोज दोनदा, पिंजऱ्यात. आणि हा अटलांटिकचा आहे. आमच्या वेन्डलने सोळा फुटी होडीतून दुसरा महासागर गाठला आणि जेवायच्या आत परत आला.

अख्खं अंगण हसलं. लुसील तर खुर्चीवरून पडता पडता वाचली. मीही हसलो. पुष्कळ हसलो.

कॉरिन हसली नाही. नंतर येऊन शेजारी बसली. म्हणाली, डॅडी, मी उकडलेला बटाटासुद्धा खाल्ला असता रे. काल तालमीत सगळे तुझी वाट बघत होते. शेवटी तुझ्या जागी मिकोचे वडील माझ्यासोबत चालले. दोनदा. त्यांनी एकदाही काठावर पाय दिला नाही.

मी म्हटलं, ओहोटी साडेपाचची होती.

हे मी का म्हटलं, माहीत नाही.

रविवार, २५ ऑगस्ट

काही लिहायचं नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

कॉरिन आणि मिको सहलीहून परतले. आज जेवायला येणार होते. मार्लिस पहाटे आर्वोंच्या होडीतून गेली. मला कोणी विचारलं नाही. मला काम होतंच, शेड आवरायची होती.

दहाला परत. बावीस पौंडाचा चिनूक. खरा, या नदीचा. आर्वोंनी अंगणातच फळीला ठोकला.

मार्लिसला विचारलं, चमकपट्टी कुठली होती? म्हणाली, नव्हती. दोरी किती इंच? मोजली नाही. नीळ? नाही. हात धुतले होतेस? म्हणाली, नंतर धुतले. मग केलंस तरी काय? म्हणाली, गळ पाण्यात ठेवला होता, वेन्डल.

जेवताना कॉरिनने सगळ्यात आधी माझ्या ताटात वाढलं. सहलीच्या गोष्टी सांगत होती. मधेच म्हणाली, झगा तीनदा धुतला, काठ शिवून घेतला, पण बाहीवरची बोटं काही जात नाहीत. आता तशीच राहू देते.

नीळ कपडे पांढरे करायला वापरतात, प्रमाण चुकलं तरच डाग पडतो, त्याचं कारण असं की, हे तिला समजावून सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं.

मासा खाल्ला.