डावा अंगठा

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, शाळेतली नोकरी शाबूत आहे. फोन करता आला असता, पण फोनवर मी कशी असते ते तुला माहीत आहे. तू वाक्य सुरू करतेस आणि मी ते संपवते. आज मला तसं करायचं नाही. बाबा उद्या सकाळी परत निघणार आहेत, त्यांच्याच हाती हे देते. इथल्या इमारतीचं रंगकाम त्यांनी दोन दिवस आधीच उरकलं आणि उरलेल्या वेळात माझ्या खोलीचा दरवाजा निळा करून टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "डबा अर्धा उरला होता, वाळून गेला असता." आता जिन्यातून येणारा प्रत्येक जण आधी दरवाजाकडे बघतो आणि मग माझ्याकडे.

आधी फोर्कलिफ्टचं बोलते. मागच्या मंगळवारी तू फोन केलास. गोदामात खोकी उचलून वर लावायची दुसरी फोर्कलिफ्ट येतेय, ती चालवायला पॅकिंगच्या बायकांपैकी कुणीतरी शिकावं असं सुपरवायझरच्या मनात आहे, आणि तुझं नाव त्यांनी स्वतःच काढलंय, असं तू सांगितलंस. मग विचारलंस, "काय करू गं?" आणि मी श्वाससुद्धा न घेता सांगून टाकलं, की ताई, ते वजनदार यंत्र, खालून माणसांची ये-जा, आणि तुझा हात जरा उशिरा पडतो हे आपल्याला माहीतच आहे. तू म्हणालीस, "हो, तेही आहेच." मग आपण आईच्या चष्म्याबद्दल बोललो. दुसऱ्या दिवशी तू गोदामात जाऊन नाही म्हणून आलीस. बाबा सांगतात की शिकणाऱ्यांची यादी येत्या शुक्रवारपर्यंत उघडी आहे आणि तुझ्या जागी अजून कुणाचंही नाव गेलेलं नाही. एवढं लक्षात ठेव आणि पुढचं वाच.

बाबांनी येताना एक कापडी पिशवी आणली होती. आईनं कपाट आवरायला काढलंय आणि तिचा निरोप होता, "हे भंगारात घालू का, ते धाकटीला विचारा." आत काय असावं? आपला व्हिडिओ गेम. वायरीला तू गुंडाळलेली लाल चिकटपट्टी अजून तशीच आहे. बाबांना तो एका गिऱ्हाइकाच्या घरी रंग देताना मिळाला होता, त्यांची मुलं मोठी झाली होती म्हणून. गेम एकच आणि रिमोटही एकच. त्या रिमोटवरून आपण पहिल्याच दिवशी एवढ्या भांडलो, की आईनं निकाल दिला, "दोघींनी मिळून धरा, नाहीतर जाईल कपाटावर." मग आपण खरोखरच दोघींनी धरला. मी डाव्या बाजूला, माझ्याकडे पुढे-मागे चालवायचं बटण. तू उजव्या बाजूला, तुझ्याकडे उडीचं. एका माणसासाठी केलेलं यंत्र आपण चार वर्षं खांद्याला खांदा लावून दोघी चालवत होतो, आणि यात काही विचित्र आहे असं घरात कुणाला वाटलं नाही.

टकल्या आठवतो ना? पाठीवर गोणी घेऊन धावणारा तो ठेंगणा माणूस. गेमचं खरं नाव आपल्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तो टकल्या. पहिला पूल पार, दुसरा पार, आणि तिसऱ्या पुलाच्या मधल्या खिंडारात दर वेळी धडाम. रोज, शाळेतून आल्यावर, धडाम. पडताना ती तीन सुरांची रडकी धून वाजायची. बाबा घरात काही सांडलं की तोंडानं तीच वाजवायचे. पलीकडे काय असेल यावरही आपली भांडणं व्हायची. तू म्हणायचीस की बाग असेल, मी म्हणायचे की टकल्याचं घर असेल आणि तो गोणी एकदाची खाली ठेवेल.

आणि प्रत्येक वेळी पडल्यावर मी ओरडायचे, "उशिरा दाबलंस!" तू सुरुवातीला भांडायचीस, "वेळेवरच दाबलं होतं गं." मग नुसतं "बरं" म्हणायला लागलीस. मग तर पडायच्या आधीच हसून म्हणायचीस, "बघ हं, मी उशीर करणार." उशिराबाई हे नाव मी ठेवलं होतं. मी सात वर्षांची होते आणि मला ते फार विनोदी वाटलं होतं. पण ते नाव गेमपुरतं राहिलं नाही. आई भाजी चिरताना म्हणायला लागली, शेजारच्या काकू म्हणायला लागल्या. आणि दहावीत गणिताचा पेपर तुझा पुरा झाला नाही, तेव्हा घरात कुणी रागावलंसुद्धा नाही. तू दारातच म्हणालीस, "माझा हात उशिरा पडतो ना," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. पुन्हा बस, शिकवणी लावू, असं कुणी म्हणालं नाही. तू गोदामात खोकी भरायला लागलीस, आणि मी शिकत गेले. माझं पदवीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा तू ते कुणाला न विचारता लॅमिनेट करून आणलंस. खराब होऊ नये म्हणून. पुढे नोकरीच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "यावर आता शिक्का कुठे मारू, प्लॅस्टिकवर?" तेव्हा मी तुझ्यावर चिडले होते. आता ते भिंतीवर लावलंय, आणि पावसाळ्यात भिंत ओली झाली तरी ते कोरडं असतं.

तुला माहीतच आहे की माझ्या वर्गात ती मुलं असतात ज्यांना बाकीच्या वर्गांनी मागे टाकलेलं असतं. वर्गाच्या पहिल्याच दिवशी मी नियम केला, की इथे कुणी कुणाला मंद म्हणायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. मुख्याध्यापकांशीही मी यावरून वाद घातलाय. ते मला "आमच्या क्रांतिकारक बाई" म्हणतात. या नियमाचा मला फार अभिमान होता. ज्या मंगळवारी मी तुला फोनवर ते बोलले, त्याच सकाळी मी एका मुलीच्या आईला समोर बसवून हाच नियम अर्धा तास समजावला होता. दोन्ही गोष्टी एकाच दिवसात, एकाच तोंडानं. माझ्या लक्षातही आलं नाही.

आज रविवार. सकाळी बाबा दरवाजाला रंगाचा दुसरा हात देत होते, म्हणून मी गेम घेऊन खाली घरमालकिणीकडे गेले, कारण जुना टीव्ही त्यांच्याकडेच आहे. त्यांनी आयुष्यभर टायपिंग शिकवलं, सगळे त्यांना टायपिंगच्या बाई म्हणतात. त्या शेंगा सोलत बसल्या, मी सतरंजीवर. टकल्या धावायला लागला आणि मला हसूच फुटलं. पहिला पूल झाला, दुसरा झाला. तिसरा पूल, धडाम. पुन्हा धडाम. सात-आठ वेळा पडल्यावर सवयीनं तोंडातून गेलं, "उशिरा दाबलंस!"

आणि मी उजवीकडे वळून बघितलं. तिथे कुणी नव्हतं ताई. डावा हात माझा होता आणि उजवाही माझाच. तरी टकल्या त्याच जागी, तसाच पडत होता.

टायपिंगच्या बाई टीव्हीकडे बघतच नव्हत्या, त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अंगठा का उचलतेस गं?" मी म्हटलं, उडी वेळेवर मारली मी. त्या म्हणाल्या, "उजव्याचं कोण बोलतंय? तो नेमका पडतोय. डावा बघ. कड आली की डावा उचलतेस. घाबरतेस तू." मी म्हटलं, नाही उचलत. "मी तीस वर्षं लोकांची बोटंच बघितली आहेत. मला शिकवू नकोस. खेळ परत." मी परत खेळले, अंगठ्याकडे लक्ष ठेवून, आणि खरंच. कड दिसली की माझा डावा अंगठा आपोआप वर येत होता, अगदी एक क्षण. तेवढ्यात टकल्याची धाव मोडते, तो कडेला अडखळतो, आणि मग वेळेवर मारलेली उडीसुद्धा उशिरा मारल्यासारखी दिसते आणि अपुरी पडते. मी दहा वेळा करून बघितलं. तू मला वेडी म्हणशील, पण मी वहीत लिहून ठेवलं. दहाच्या दहा वेळा तसंच.

मग बाई म्हणाल्या, "आता दाबून धर. मेलीस तरी सोडू नकोस." मी डोळे जवळजवळ मिटून धरलं. टकल्या पलीकडे.

पलीकडे बाग नाही आणि त्याचं घरही नाही. चौथा पूल आहे, हुबेहूब तिसऱ्यासारखा, फक्त रंग जांभळा. मी एवढी हसले, की वरून बाबा ब्रश हातात घेऊनच खाली आले. मग मी हसता हसता रडायला लागले. टायपिंगच्या बाई बाबांना म्हणाल्या, "काही नाही हो, तुमची मुलगी पूल ओलांडून आली." आणि शेंगांची परात माझ्या मांडीवर ठेवून आत निघून गेल्या.

ताई, आपलं चुकलं होतं हे कळल्यावर माणसाला लाज वाटायला हवी. मला वाटलीच. पण तिच्याआधी एवढं हलकं वाटलं, की मलाच आश्चर्य वाटलं. घरात मी एकटीच कॉलेजात गेले. मी हुशार आणि तू जरा सावकाश, अशी एक समजूत मी मनात कुठेतरी ठेवून दिली होती. ती कधी बोलून दाखवली नाही, पण तिच्यावर पाय ठेवूनच मी उभी होते. वर्गात मुलांना एक सांगायचं आणि मनात हे. आज ती समजूत एका बटणावर मोडली. तू चार वर्षं रोज नेमक्या वेळी उडी मारत होतीस, आणि माझा अंगठा घाबरून वर येत होता, आणि ओरडतही मीच होते.

दुपारी चहा घेताना हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "मग फोर्कलिफ्टचं तिनं तुला सांगितलंच नाही वाटतं." मी म्हटलं, सांगितलं की, सुपरवायझरनं विचारलं म्हणून. ते म्हणाले, "विचारलं ते नंतर गं. आधी तिला जुन्या गाडीवर बसवलं होतं, त्याच सकाळी. तिसऱ्या फळीवर खोकी लावली तिनं, पाच वेळा, एक खोकं हललं नाही. तो रोजचा चालवणारा शिट्टी वाजवून गेला म्हणे. तिनं घरी आल्या आल्या तुलाच फोन लावला."

म्हणून हे पत्र. त्या मंगळवारी तू माझा सल्ला मागायला फोन केलाच नव्हतास, तू मला ही गोष्ट सांगायला केला होतास. "काय करू गं" ही त्या गोष्टीची नुसती सुरुवात होती, आणि मी तिथेच निकाल देऊन मोकळी झाले. तो निकाल मी परत घेते. त्याच्या जागी दुसरा देत नाही. शुक्रवारी नाव घाल किंवा घालू नकोस, ते तू ठरव, तुला त्या गाडीवर बसून जे वाटलं त्यावरून ठरव. पण तुझा हात उशिरा पडतो म्हणून नाही म्हणू नकोस, कारण तो उशिरा पडत नाही. कधीच पडत नव्हता. आणि उद्या संध्याकाळी बाबांनी हे दिलं, तुझं वाचून झालं, की मला फोन कर आणि त्या सकाळचं सगळं सांग. आधी कोणता पाय वर ठेवलास, खोकी वर जाताना कोणता हात कुठे होता, शिट्टी वाजली तेव्हा तू कुणाकडे बघितलंस. मी ऐकते. शेवटपर्यंत ऐकते.

तुझीच,
बुटकी