चिंचांवरचे झोके

कळसाडी, अक्षय्य तृतीया, १९४३

नाल्याकाठच्या चिंचा वाचल्या. आनंद व्हायला हवा, आणि मी चरफडत बसले आहे.

कोळशाच्या ठेकेदाराला त्या तोडू देऊ नका, असं होळीपासून पाटलांना सांगते आहे. झाडं गेली की काठ ढासळेल, पुराचं पाणी शेतात शिरेल. पाटील मान डोलवायचे, विसरायचे. माझी धाकटी जाऊ काशी भाकरी थापता थापता माझ्या तोंडून हे सगळं ऐकायची. आज तोडणारे येणार म्हणून तिने सकाळीच आखाजीच्या सणाचे झोके त्याच चिंचांना बांधले. गावभरच्या माहेरवाशिणी झोक्यांवर. त्यांच्यात सून असूनही काशी, सर्वांत उंच, पदर वाऱ्यावर.

पाटील ठेकेदाराला म्हणाले, "लेकीस्ना झोका शेतस तठे. कुऱ्हाड कोन मारी?" माणसं परत गेली.

"बाई, तुम्ही बी बठा ना!" काशी वरून ओरडली. मी बसले नाही. का नाही? तो उडणारा पदर डोळ्यांपुढून हलत नाही.

झोके सुटले की ठेकेदार पुन्हा येईल. तेव्हा काय करायचं, ते काशीलाच विचारायला हवं. एके काळी पुण्याला कॉलेजात शिकलेली मी, थोरली! उद्या विचारीन. फक्त तिने हसू नये.