वजावटीत न बसलेली वस्तू

हौगांग, सिंगापूर, ३ मार्च २०२५

ती. मामांस,
मधुवंतीचा शि. सा. न. वि. वि.

मेसेजमध्ये मराठीची वाट लागते असं तुम्ही म्हणता, म्हणून रीतसर पत्र. मी बरी आहे. प्रयोगशाळेत काम फार, झोप कमी.

डिसेंबरात तुमच्या या फ्लॅटमधला वरचा पाइप फुटला आणि माझी खोली भिजली. गळतीचं मी ऑक्टोबरातच कळवलं होतं, तेव्हा तुम्ही बादली ठेव म्हणालात. भाचीकडून भाडं घेताना करार कशाला, सामानाचा विमा तरी कशाला, घरच्यांत कसले कागद, हेही तुमचंच म्हणणं. पुस्तकं गेली, लॅपटॉप गेला, आणि शेवटच्या दिवसांत आईने माझ्याकडे सोपवलेली एक जुनी वस्तूही. आता पगारावरचा कर भरायचा आहे. भाडेकरूला हे नुकसान त्यातून वजा करता येतं का? मामा अकाउंटंट असताना दुसऱ्या कोणाला विचारू?

मामींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुमची,
मधुवंती

जुरोंग ईस्ट, ९ मार्च २०२५

चि. मधुवंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. शुद्धलेखनाच्या दोनच चुका, प्रगती आहे.

उत्तर सरळ आहे, वजा होत नाही. स्वतःच्या सामानाचं नुकसान हा खासगी खर्च, पगार मिळवण्याशी त्याचा संबंध नाही. घरमालकाचं वेगळं असतं, त्याला दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो. त्यावरून आठवलं. प्लंबरला तू पैसे दिलेस, ती पावती माझ्या नावावर करून घे आणि पाठव. पैशांचं सावकाश पाहू, मी काही पळून जात नाही.

जुन्या वस्तूचं मनाला लावून घेऊ नकोस. असल्या सामानाची किंमत हिशेबात शून्यच धरतात. नीलिमाताई जन्मभर अडगळ सांभाळत बसली, तू तशी होऊ नकोस.

एप्रिलात माझी साठी आहे. यायचंच. खुशाली कळवत जा, आमची माया आहेच.

तुझा,
निशिकांतमामा

हौगांग, १२ मार्च २०२५

ती. मामांस,
सा. न.

पावती सोबत जोडली आहे. पैसे मी दिले, म्हणून नावही माझंच ठेवलं आहे.

ती अडगळ म्हणजे तुमची पेटी. आजोबांनी मुंजीत तुम्हाला घेऊन दिलेली. सिंगापूरला निघताना तुम्ही ती आईकडे ठेवलीत, पुढच्या खेपेला नेतो म्हणालात. आईला एक सूर वाजवता येत नव्हता, तरी एकतीस वर्षं दर पावसाळ्यानंतर ती भाता उघडून वाळवायची. हॉस्पिटलात मला म्हणाली, त्याच्या साठीला त्याच्या हातात दे, आणि तो विसरला असेल तर रागावू नकोस.

पाणी नेमकं तिच्यावरच पडलं. भाता फाटला, लाकूड फुगलं, दाबलेली पट्टी वर येत नाही. दुरुस्तीवाल्याने हात जोडले. तुम्हाला कसं सांगू म्हणून मी तीन महिने रडले. तुमच्या पत्राने ते काम सोपं केलं. आईचं एवढं ऐकता आलं नाही, मी रागावले आहे.

साठीला येणार नाही. महिनाअखेरीस सेरंगूनला मैत्रिणीकडे राहायला जाते आहे. किल्ली पेटीवर ठेवून जाईन. वस्तू तुमची आणि भिजली तुमच्याच घरात, तेव्हा ती वजा होते का, ते आता तुम्हीच पाहा.

तुमच्या बहिणीची मुलगी,
मधुवंती