भावोजींच्या फोनचा खुलासा

आदरणीय भावोजी,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजवा जरा जास्त वाकवला आहे, कारण पुढे येईल). ताईचे गुडघे, तुमची पाठ आणि वर्कशॉपातली मंडळी ठीक असतील अशी आशा आहे. तुमच्या झोपेची चौकशी करायचं धाडस होत नाही. फोनबद्दल ताईने सगळं सांगितलं आहे.

चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी मी मोठ्या दवाखान्यासमोरच्या भिंतीला शिडी लावली, नेहमीप्रमाणे देवाचं नाव घेतलं आणि पहिलं अक्षर घातलं. मजकूर आमदारसाहेबांच्या कचेरीचा होता: 'सर्व उपचार निम्म्या दरात. अडचण असल्यास फोन करा.' खाली नंबर. अशा सतरा भिंती होत्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू तेव्हाही होता, डावा तर लहानपणापासूनच अधू. घरी मी धुळीचं नाव सांगून वर्ष काढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, फार पिकू देऊ नका, मग अवघड होईल. रंगाऱ्याचा डोळा गेला की राहतं काय? पण साहेब दर निम्मे करणारच आहेत, आपणच तर लिहितोय, मग घाई कशाला? (माणूस स्वतःचंच अक्षर वाचून फसतो, हे पन्नाशीजवळ आल्यावर कळलं.)

साहेबांची भूमिका मला भाषणातून नाही, रंगातून कळते. पंधरा दिवसांनी कचेरीतून निरोप आला, 'निम्म्या'च्या आधी 'शक्य तिथे' घाला. जागा नव्हती, बारीक करून वर बसवलं. मग 'टप्प्याटप्प्याने' आलं, ते उभं लिहावं लागलं. पाहुणे इतके झाले की घरधनी कोपऱ्यात उभा राहतो, तसा आमचा 'निम्म्या' झाला. दर नव्या शब्दाला मी डोळ्याला म्हणायचो, आणखी थोडं थांब. संध्याकाळी देवापुढे बसलो की ज्योतीभोवती तेजाचं कडं दिसे. आधी वाटलं, कृपा आहे. मग ते रस्त्याच्या दिव्याभोवतीही दिसायला लागलं.

शेवटी एका दुपारी त्या भिंतीसमोरच्या औषधवाल्याला म्हटलं, तेवढा नंबर लावून द्या, दर कधी उतरणार ते विचारतो. माझं लिहिलेलं मला वाचता येईना. त्याने भिंतीकडे बघत एकेक आकडा दाबला आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे तुमचा आवाज. कोण, कुठून काही न विचारता तुम्ही एवढंच विचारलंत, दुखणं कसलं? माझ्या तोंडून निघालं, डोळा.

"दर उतरायचे तेव्हा उतरतील. डोळा तोवर थांबणार आहे का? उद्या जाऊन दाखवा. आणि ठेवा आता, माझा पंप उघडा पडलाय."

कचेरीच्या आणि तुमच्या नंबरचे पहिले पाच आकडे सारखे होते हो, भावोजी. पुढचे कागदावर धूसर दिसले, तेव्हा हात आपल्या ओळखीच्या वाटेने गेला. तुमच्या पाटीवर, गाडीवर, दुरुस्त होऊन निघालेल्या प्रत्येक पंपावर इतकी वर्षं मीच तो नंबर घातला आहे. गावच्या शाळेत मास्तरांनी गिरवून घेतलेली मुळाक्षरं आणि तुमचा नंबर, न बघता माझा हात एवढंच लिहितो. ताई म्हणते, ज्या रंगाऱ्याने हे केलं त्याचा हात मोडायची तुम्ही शपथ घेतली आहे. तो हात हा.

तुमचं ऐकून मी दुसऱ्याच दिवशी गेलो. पूर्ण दरात डोळा करून घेतला. पट्टी निघाली तेव्हा समोर नुसती भिंत होती. पांढरा रंग इतका पांढरा असतो हे मी विसरलोच होतो.

तुमचा (अजून दोन्ही हात शाबूत असलेला)
मेहुणा

ता. क. : सोळा भिंतींवरचा नंबर दुरुस्त केला आहे. काळजी नसावी.

आणखी एक ता. क. : सतरावी भिंत ती दवाखान्यासमोरची. तिला हात लावण्याआधी कचेरीचा खरा नंबर लावून पाहिला. अकरा वेळा नुसताच वाजला. औषधवाला सांगत होता, भिंतीवरच्या फोनवर कोणी तिरसट गृहस्थ आहेत, त्यांनी झापलं म्हणून चार माणसं वेळेवर दवाखान्यात गेली. तेव्हा रागावू नका, फोन उचलत राहा. तुमचा नंबर मी काल तिथे नव्या डोळ्याने, एकेक आकडा बघून, पुन्हा ठळक केला.