फुलं बघायच्या निमित्ताने

५ एप्रिल, रविवार

इस्त्रीचा शर्ट! तिथेच सगळं फसलं.

नम्रताला मी सांगितलं होतं, तळेगावला गुलाबाची शेती बघून येऊ, उन्हाळ्यात तेवढीच हवापालट. स्थळ आमच्या वन्संनी काढलेलं. माझ्या नणंदेला दुसरा उद्योग नाही, या एका कामासाठी तरी तिचा उपयोग होतोय. तिचंच म्हणणं – घरी बोलावू नका वहिनी, बिबवेवाडीत आधी गल्लीला कळतं, मग आपल्याला. बाहेर भेटा. सहल म्हणायचं.

तर पॉलिहाऊसच्या दारात तो उभा. रविराज नाव, चाळिशीचा. बाहेर ऊन रणरणतंय, आत त्याहून उकाडा, आणि हा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून! नम्रताने गाडी लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, गुलाबाला पाणी घालायला कुणी असा शर्ट घालतं का?"

मी म्हटलं, "तू गुलाब बघ."

कळ्यांना जाळीच्या टोप्या घातल्या होत्या, उमलू नयेत म्हणून. उमललं की माल गेला, तो सांगत होता. मग दोघं वाफ्यांच्या टोकापर्यंत चालत गेली. मी त्याच्या मामांबरोबर ताक पीत बसले. लांबून दिसलं – ती काहीतरी बोलली, छोटंसंच. त्याचा चेहरा उतरला. दिग्विजयचं सांगितलं असणार. पण ते तर वन्संनी आधीच सांगितलं होतं ना?

परत येताना विचारलं, काय बोललीस? "काही नाही. पाणी कुठून येतं विचारलं."

दिग्विजयला जाऊन दोन वर्षं झाली. एकुलता एक मुलगा माझा. डेंग्यूचं निमित्त, आठवडासुद्धा काढला नाही. नम्रता चौतीसची, मूलबाळ नाही, माहेरी एक भाऊ, तो लातूरला, दिवाळीला फोन करतो. मी सदुसष्टची. मी गेल्यावर ही चष्म्याच्या दुकानातून सातला घरी येणार, कुलूप उघडणार आणि आत कुणाला हाक मारणार? ते मला बघवत नाही. मेल्यावरसुद्धा बघवणार नाही.

८ एप्रिल

तळेगावचा नकार. कारण काय तर "योग नाही". योग!

वाईट वाटलं. आणि मग भूक लागली. एक पोळी जास्त खाल्ली. इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार – ती जाणार नाही याचं बरं वाटलं मला. सासू कसली, राक्षसीण आहे मी.

१९ एप्रिल, रविवार

यवतच्या पुढे, गुलछडीचं शेत. वन्संही होत्या बरोबर, मागच्या सीटवर, पर्समध्ये लवंगा घेऊन.

आम्ही पोचलो अकराला. फुलं पहाटेच तोडून मार्केट यार्डात गेलेली. बघायला काय उरलं, तर हिरव्या काड्या. आमच्या सहलींचं हे असंच!

मुलाचं नाव पोपट. बायको वारलेली. माणूस वाईट नव्हता, आम्हाला सावलीत खुर्च्या मांडून दिल्या, स्वतः बांधावर उभा राहिला. त्याच्या आईने मला विचारलं, "लेक का तुमची?"

"सून."

"सून? म्हंजी सासूच सून उजवायला निघाली? मंग कायतरी खोट असंल की!"

तोंडावर! वन्संनी लगेच लवंग तोंडात टाकली. मी म्हटलं, खोट काही नाही, माझा मुलगा गेला एवढंच. पण त्यांच्या डोळ्यांतली शंका काही गेली नाही. धन्याने स्वतःहून गाय सोडली तर घेणारा आधी तिचे दात मोजतो, त्यातलीच गत.

पोपट आणि नम्रता विहिरीपाशी बोलत होती. परत आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, जुनं कपाट जिन्यातून वर न्यायचं असावं तसं.

निघताना त्याच्या आईने करंडा आणला. वन्संना कुंकू लावलं, गजरा दिला. मग हातात करंडा तसाच धरून आमच्यापुढे थबकल्या. दोघींपुढे. माझं सोडा, माझं सगळं होऊन गेलंय. पण चौतीस वर्षांच्या मुलीपुढून त्या मान वळवून आत गेल्या आणि पिशवीभर गुलछडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "ही देवाला घिऊन जा."

म्हणजे या पोरीला बघायला बोलवायचं, घरात घ्यायचा विचार करायचा, पण गजरा द्यायचा नाही! मला इतका राग आला की चपला उलट्या पायांत घातल्या.

गाडीत बसल्यावर नम्रता म्हणाली, "एवढी फुलं? आपले देव मोजून पाच." घरी येऊन तिने अर्धी तिच्या खोलीत ठेवली, पाण्याच्या तांब्यात. आत्ता सगळ्या घरभर वास सुटलाय. दिग्विजयच्या फोटोला तिने एकही वाहिलं नाही.

२३ एप्रिल

यवत – नाही. वन्संचा सल्ला : "वहिनी, तुम्ही बरोबर जात जाऊ नका. लोक बिचकतात."

३ मे, रविवार

सासवडची बेकरी. दिवे घाटात गाडी तापली, अर्धा तास बॉनेट उघडं टाकून बसलो. गाडी दिग्विजयची. नम्रता ती विकत नाही आणि नीट दुरुस्तही करत नाही.

इंद्रजीत. घटस्फोट झालेला. बेकरी कसली, काचेचा महाल! केकवर माणसांचे फोटो छापून देतात. लोक आपल्याच माणसाच्या तोंडावर सुरी चालवणार आणि टाळ्या वाजवणार. आम्हाला क्रीमरोल दिले. नम्रता त्याच्याशी कोपऱ्यातल्या टेबलावर बोलली, जेमतेम पाच मिनिटं. त्याने घड्याळ बघितलं. "विचार करून कळवतो." हे वाक्य मी ओळखते आता. पुण्यात याला नाही म्हणतात, सासवडलाही नाहीच म्हणत असावेत.

परत येताना नम्रताने गाडीत दुसरा क्रीमरोल काढला. चावल्याबरोबर मागून सगळं क्रीम बाहेर, नाकाला साखर. हसली! किती दिवसांनी अशी खळखळून. मीही हसले. मग मला रडू आलं, पदर तोंडाला लावून खोकल्याचं सोंग केलं. ही अशी हसते, ते रोज बघणारं कुणीतरी हवं. मी किती पुरणार?

५ मे

सासवड – नाही.

आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडलाय. पोरीत काही कमी नाही. कमावती आहे, दिसायला नीटस आहे, जीभ जरा तिखट, पण पुण्यात ते चालतं. खोट मीच आहे. सासू बरोबर आली की लोकांना वाटतं, काहीतरी गळ्यात मारतेय. नाहीतर वाटतं, सून घेतली की ही म्हातारीही मागून येईल. मी दिसायलाच नको.

नम्रता म्हणाली, "आई, पुरे आता. दमलात तुम्ही." म्हटलं, एकदाच. सतरा तारखेला अधिक महिना लागतो, मग महिनाभर कुणी विषयही काढणार नाही. शिरवळचं एक बघू.

"तिथे काय आहे? फुलं का पाव?"

"नानकटाई."

१० मे, रविवार

आजचं लिहायला हात होत नाही.

शिरवळच्या त्या बेकरीत अजून भट्टी आहे, लाकडाची. मे महिन्यात लोक घरून रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन येतात आणि नानकटाई भाजून नेतात. पूर्वी आमच्या भागातही अशी बेकरी होती. दर मे महिन्यात मी रांगेत उभी राहायची, दिग्विजय डबा डोक्यावर घेऊन घरी यायचा आणि येईपर्यंत डबा निम्मा व्हायचा.

मी बेत केला तो असा : वन्संना आणायचंच नाही. मी एसटी स्टँडपाशी उतरणार आणि गिऱ्हाईक म्हणून मागून जाणार. डबा आणि सामान घेतलंच होतं. नम्रताला म्हटलं, "तिथे आपली ओळख नाही."

"मग मी कोण?"

"तू एकटी. सुटसुटीत."

ती स्टेअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डबा जड आहे. सावकाश या."

बेकरी साधी. साईनाथ नाव त्याचं, बेचाळिशीचा असेल. बायको करोनात गेली. गल्ल्यावर त्याची आई, वर माडीवर घर. इस्त्रीबिस्त्री काही नाही, कोपरापर्यंत पीठ! मला बघूनच तो बरा वाटला. मी रांगेत उभी राहिले. ट्रेची अदलाबदल होऊ नये म्हणून तो प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहून ट्रेमध्ये ठेवत होता. माझी पाळी आली.

"नाव काय लिहू, मावशी?"

सांगितलं आणि बाकावर जाऊन बसले.

आत मैद्याच्या पोत्यांपाशी तो आणि नम्रता बोलत होती. मी दुसरीकडे बघत होते, म्हणजे बघत असल्याचं दाखवत होते. ती बोलली, छोटंसंच, दर वेळेसारखं. पण याचा चेहरा उतरला नाही. त्याने एकदा वर माडीकडे बघितलं, मान खाजवली आणि ट्रे बघायला गेला. माझ्या मनात आलं – जमेल. या खेपेला जमेल. मी म्हटलं, जमू दे देवा.

मग तो ट्रे घेऊन बाहेर आला, चिठ्ठी वाचली आणि मोठ्याने ओरडला,

"दिग्विजय! दिग्विजय कोण? झालं तुमचं!"

मी उठले. आणि तिकडून नम्रता उठली. एकदमच!

सवयीने तेच नाव सांगितलं होतं मी. दर उन्हाळ्यात तेच तर सांगायची. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. दोन वर्षांत ते नाव कुणी असं मोठ्याने पुकारलं नव्हतं. आम्ही दोघी उभ्या, मधे तो गरम ट्रे धरून, आणि सगळी बेकरी इकडून तिकडे बघतेय. दिग्विजय कुठे आहे ते शोधतेय.

नम्रता माझ्यापाशी आली. माझ्या हातातला डबा घेतला, त्याच्यापुढे धरला. "आमचंच आहे," म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. समजायला काय लागतं? त्याने डबा भरला, तुटलेल्या दोन-तीन कागदात बांधून वेगळ्या दिल्या. मी मान वर केली नाही.

कात्रजच्या बोगद्यापर्यंत मांडीवर डबा, साडीतून चटका बसत होता. बसू दे म्हटलं.

११ मे

"आई, काल तुम्ही लांब का बसलात?"

"गुडघे दुखत होते."

"लांब बसल्याने थांबतात?"

१४ मे

शिरवळहून काही नाही. येणारही नाही. चोरून आलेली सासू, मेलेल्या मुलाच्या नावाने नानकटाई भाजून घेते! मी त्याच्या आईच्या जागी असते तर त्या दोघींना परत दारात उभं केलं नसतं.

मला लपताही येत नाही. साधं एक तास अनोळखी व्हायचं होतं.

१७ मे, रविवार

अधिक लागला. वन्संकडे जावयासाठी अनारसे चाललेत, मला पीठ बघायला बोलावलं होतं. गेले नाही. आमच्याकडे ना मुलगा, ना जावई, अनारसे कुणाला घालायचे?

डबा तसाच होता, दोघींनी उघडलाही नाही. आज उचलून माळ्यावर टाकला. आता सहली बंद. कुठलं फूल नको नि कुठला पाव नको. ती दुकानात जाईल, मी भाजी निवडीन, आणि एक दिवस ती एकटी कुलूप उघडेल. जे व्हायचं ते चुकत नाही. उगाच उन्हातान्हात पोरीला वणवण फिरवली.

२१ मे

दुपारी फोन. साईनाथ! अधिकात!

"मावशी, त्यांचा फोन लागत नाहीये. एवढं सांगाल का, अट मान्य आहे. आईशी बोललो. दहा-बारा दिवस घेतले, राग मानू नका."

कसली अट?

तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही? तुम्ही बरोबर राहायला येणार असलात तरच पुढे बोलू, असं म्हणाल्या ना त्या. पहिल्याच वाक्यात. फक्त आमचा जिना उभा आहे. गुडघ्यांचं ऐकलंय, खालची खोली रिकामी करतो."

पहिल्याच वाक्यात. म्हणजे तळेगावला, यवतला, सासवडला... सगळीकडे! सगळा उन्हाळा मी स्वतःला लपवत फिरले आणि ही कार्टी मला हुंड्यासारखं पुढे करत होती!

खूप रडले. ती सातला येईल.

स्टुलावर चढून माळ्यावरून डबा काढला. नानकटाई सादळलीय. तरी दोन खाल्ल्या.