उठू नगंस, बिभीषण

सांगोला, जि. सोलापूर

चि. बिभीषण,

तुझी आई काल सकाळी गेली. शेळीला पाणी पाजून उंबऱ्यावर टेकली, ती उठलीच न्हाय. दुपारी माती केली. तुझ्या जागी खांदा चुलत्यानं दिला.

हे पत्र मी टपालात टाकणार न्हाय. तुझे अजून नऊ दिवस ऱ्हायल्यात. लांबच्या अंतराळ प्रवासात माणसाची हाडं कशी झिजत्यात ते बघाया तुला एक्कावन्न दिवस झालं दवाखान्यात झोपवून ठेवलंय, डोकं खाली आन् पाय वर करून. एकदा उभा ऱ्हायलास की समदं वाया.

तितल्या डॉक्टरीणबाईनं आमाला आधीच इचारलं हुतं, "घरी काही वाईट झालं तर त्याला कळवायचं का? मंगळाकडे निघालेल्या माणसाला अर्ध्या वाटेतून परत येता येत नाही. घरच्यांनीच ठरवा." तुझी आई म्हणाली, कळवा. मी न्हाय म्हणालो. कागदावर सही माझी हाय.

आमच्यात रीतच हाय, मेंढरामागं गेलेल्याला मरणाचा निरोप धाडत न्हाईत. माणूस माघारी फिरला की कळप गेला. माझी आई गेली तवा मी मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला हुतो. चार महिन्यांनी घरी आल्यावर कळलं. निरोप माझ्या बापानं अडवला हुता. तो मरंस्तवर मी त्याच्याशी बोललो न्हाय.

आज फोनवर तू इचारलंस, "आई कुटं हाय?"

म्या म्हणलं, "शेळीला पाणी पाजतीया."

तू उठलास की सांगीन. तवर माझ्याशी बोलून घे.

तुझा बाप,
बिरप्पा